जोत्यावर काय असावं?

एकाच सर्व्हरवर दोन-तीन वेगवेगळे संगणक चालवायचे असतील, तर सगळ्यांत खाली कोण बसणार हे आधी ठरवावं लागतं. तिथं बसणाऱ्या प्रोग्रामला हायपरवायजर म्हणतात. तो प्रोसेसर, मेमरी, डिस्क वाटून देतो आणि वरच्या प्रत्येकाला वाटत राहतं की हे सगळं घर आपलंच आहे. खालचा कोसळला तर वरचे सगळे कोसळतात. वाड्याला जोतं असतं, तसं.

हे जोतं दोन प्रकारे बांधता येतं. एक, फक्त हायपरवायजरपुरती छोटीशी इमेज टाकायची : डेस्कटॉप नाही, ब्राउझर नाही, प्रिंटर नाही. किंवा मग पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची आणि हे काम तिच्याकडूनच करून घ्यायचं.

पुण्यात माझ्या ऑफिसात यावर वाद होत नाही. तिथं एकसारख्या सर्व्हरांच्या रांगा आहेत आणि रात्रीही कुणीतरी ड्युटीवर असतं. छोटी इमेज टाकायची. बिघडली तर पुसून पुन्हा टाकायची. मला हा प्रश्न खरा पडला तो सांगलीत, ताईच्या पंधरा खाटांच्या हॉस्पिटलसाठी. पैसे एकाच सर्व्हरपुरते. त्यावर बिलिंगचं विंडोज आणि एक्स-रेच्या प्रतिमा साठवणारा ऑर्थँक, असे दोन संगणक चालवायचे होते. जागा पहिल्या मजल्यावरची, कारण २०१९ च्या पुरानंतर तळमजल्यावर महत्त्वाचं काही ठेवायचंच नाही, हा ताईचा नियम आहे.

माझा कल छोट्या इमेजकडे होता. व्हीएमवेअरच्या जुन्या ईएसएक्समध्ये हायपरवायजरच्या सोबतीला लिनक्सवर आधारलेला एक सर्व्हिस कन्सोल असायचा. ईएसएक्सआयमध्ये तो काढून टाकला आणि २०११ मध्ये व्हीस्फिअर ५ आलं तेव्हापासून फक्त ईएसएक्सआयच उरलं. विचार सरळ होता : जे नाहीच, त्यात भोक पडत नाही आणि त्याला पॅचही लागत नाही. दवाखान्यात तर हे जास्तच पटतं. समोर माउस आणि स्क्रीन दिसली की कुणी ना कुणी पेन ड्राइव्ह खुपसणारच.

पण छोटं म्हणजे आपोआप सुरक्षित, असं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्ज नावाच्या रॅन्समवेअरनं जगभरचे ईएसएक्सआय सर्व्हर कुलूपबंद केले. ज्या भोकाकडे बोट दाखवलं गेलं, त्याचा पॅच २०२१ मध्येच आला होता. ज्यांनी तो लावला नव्हता, त्यांना इमेजच्या लहानपणानं वाचवलं नाही. शिवाय अशी इमेज आपल्या हातात नसते. तिची मोफत आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये परत आली. मोठ्या कंपनीला हे झेपतं. पंधरा खाटांना नाही.

माझं मन वळवलं ते मात्र यूपीएसनं. वीज गेली की बॅटरी वीसेक मिनिटं टिकते. बॅटरी संपत आली की यूपीएस हे यूएसबीच्या वायरीतून सर्व्हरला सांगू शकतो. मग सर्व्हरनं आधी बिलिंग, मग ऑर्थँक आणि शेवटी स्वतःला नीट बंद करायचं असतं. नाहीतर डेटाबेस लिहिता लिहिता मध्येच तुटतो. डेबियनवर यासाठी नट नावाचं पॅकेज आहे, एका आदेशात बसतं. छोट्या इमेजमध्ये हीच साधी गोष्ट आडवळणानं करावी लागते. आपण जे काढून टाकलेलं असतं, ते दुसऱ्या कुठल्यातरी दारानं परत आणावं लागतं.

आणि ताईनं एकच प्रश्न विचारला होता : "रात्री दोनला हे बंद पडलं, तर कोण बघणार?"

पूर्वी याचं उत्तर 'मी' असं होतं. आता मी जर्मनीतल्या नोकरीला होकार कळवलाय. ताईला ते माहीत आहे. ती त्याबद्दल काही बोलली नाही, फक्त हा प्रश्न तिनं दोनदा विचारला.

मग मी प्रश्नच बदलून घेतला. कमीत कमी काय लागतं, याऐवजी माझ्यामागे हे कोण दुरुस्त करू शकेल, असा. मिरजेत संगणक दुरुस्तीचं दुकान असलेल्या एकाला डेबियन चांगलं येतं. म्हणून प्रॉक्समॉक्स निवडलं. त्याच्या खाली पूर्ण डेबियन आहे, प्रत्यक्ष काम लिनक्सच्या कर्नलमधलं केव्हीएम करतं. ते २००७ पासून कर्नलचाच भाग आहे. कारभार ब्राउझरमधून चालतो. डेस्कटॉप टाकला नाही, नटखेरीज जास्तीचं काही टाकलं नाही, सर्व्हरचा मॉनिटरही काढून ठेवला. बसायला म्हणून शेजारी एक जुना पीसी दिला. पूर्ण सिस्टिम घेतली आणि ती शक्य तितकी रिकामी ठेवली.

एका रविवारी, ओपीडी नसताना, आम्ही मुद्दाम यूपीएसचा प्लग काढला. मी खुर्चीत हाताची घडी घालून बसलो. एक्स-रे टेक्निशियनच्या हातात मी लिहिलेली वही होती. दोन्ही संगणक ठरल्या क्रमानं बंद झाले, मग सर्व्हर. वीज परत दिल्यावर त्यानं वही बघत बघत सगळं सुरू केलं आणि एक जुना एक्स-रे उघडून पाहिला.

मग त्यानं पेन मागितलं आणि शेवटच्या पानावर, 'अडचण आल्यास' या मथळ्याखाली, माझ्या नंबराच्या वरच्या मोकळ्या ओळीत मिरजेचा नंबर लिहिला.

"दादा, आधी त्यांनाच लावतो," तो म्हणाला. "तुमच्याकडं तेव्हा किती वाजले असतील, काय माहीत."