डोळ्यातला तीळ

आमच्या मनीच्या डाव्या डोळ्यात, पिवळ्या बुबुळावर, खसखशीच्या दाण्याएवढा तपकिरी ठिपका होता. ‘डोळ्यात तीळ म्हणजे नशीबवान हो,’ असं सासूबाई म्हणाल्या आणि मला ते पटलंही. एकाचे तीन-चार ठिपके झाले, मग ते एकमेकांत मिसळले, तरी माझं कौतुक चालूच. रेबीजच्या लशीसाठी नेलं तेव्हा डॉक्टरांनी ‘आणखी काही?’ असं विचारलं होतं. ‘काही नाही, मजेत आहे,’ मी म्हटलं. पिंजऱ्यातून मांजर बाहेर काढायच्या झटापटीत बुबुळ कोण निरखतंय! पण रोज तिचं तोंड बघणारी मीच होते.

पुढे तो डोळा लालसर आणि दुसऱ्यापेक्षा जरा मोठा दिसायला लागला. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची थेंबांची बाटली घरात उरली होती, तीच मी घातली. एक तर ती उघडून कितीतरी दिवस झाले होते. त्यात स्टेरॉइडही होतं. डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर जखम असती, तर त्या थेंबांनी ती चिघळून डोळा फुटायची वेळ आली असती. जखम नव्हती, हे निव्वळ दैव. लाली थोडी उतरली आणि त्या भरवशावर मी आणखी दिवस काढले.

प्राण्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी आधी बधिर करणारे थेंब घातले, मग पेनासारखं एक यंत्र डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला अलगद टेकवलं. मांजराच्या डोळ्यातला दाब साधारण 10 ते 25 असतो. मनीचा 40च्या वर. बाहुलीही एका बाजूनं चेपल्यासारखी दिसत होती. ‘जुने फोटो आहेत?’ त्यांनी विचारलं. होते की, ढिगानं! तारखेप्रमाणे लावल्यावर डाग कसा पसरत गेला ते स्वच्छ दिसलं. त्यातल्या प्रत्येक फोटोला मी लोकांचे बदाम गोळा केले होते.

मांजरांच्या बुबुळावरचे असे ठिपके पुष्कळदा निरुपद्रवी असतात, नुसता रंग. काहींत मात्र रंगाच्या पेशी वाढत जातात, बुबुळ जाड आणि मखमली दिसायला लागतं, आणि तो मेलानोमा असतो. डोळ्यातलं पाणी ज्या वाटेनं निचरतं तिथे या पेशी शिरल्या की पाणी तुंबतं आणि काचबिंदू होतो. यकृतात, फुप्फुसात गाठी उठू शकतात, कधी काही वर्षांनीसुद्धा. डोळा काढावा, असं बाईंचं मत पडलं.

‘विचार करून सांगते,’ मी म्हणाले. विचार कसला, तर एक डोळा शिवलेली मनी कशी दिसेल याचा! सगळ्यांत लाज वाटते ती या दिवसांची. तुंबलेल्या दाबानं तिचं डोकं ठणकत असणार. मांजर ओरडून सांगत नाही, कपाटाखाली जाऊन पडून राहतं. मी समजत होते, उन्हाळा आहे.

काढलेला डोळा तपासणीला गेला. मेलानोमाच निघाला, निचऱ्याच्या वाटेपर्यंत पोचलेला. मनी मात्र टाके निघायच्या आत ओट्यावर, दुधाच्या पातेल्यापाशी. डावीकडून हात लावला तर दचकते, म्हणून आता आधी हाक मारतो.

‘लवकर आणलं असतं तर?’ मी बाईंना विचारलंच. ‘डोळा कदाचित तरीही गेला असता,’ त्या म्हणाल्या, ‘दुखणं वाचलं असतं.’ छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी अधूनमधून करायची आहे; पुढची गणपतीनंतर.