समन्स आलं तेव्हा मी मळ्यात लपलो होतो

आज फवारणी-छाटणीचं काही नाही. जे लिहितोय ते सांगायला लाज वाटत होती, पण कोणाच्या तरी कामी येईल.

दोन एकर थॉमसन. खरड छाटणी झाली आणि सूक्ष्म घडनिर्मितीच्या ऐन दिवसांत मे महिन्यात पाऊस लागला, ऊन मिळालंच नाही. गोडीबहार छाटणीनंतर काडीवर घडच नाहीत, होते ते गोळी घड, बाकी सगळी बाळी. मी पॅकहाऊसला सुपरवायझर होतो. भागात मालच नाही म्हटल्यावर "उद्यापासून येऊ नका" असं सांगितलं. बाग गेली, पगारही गेला.

औषधं-खतांची उधारी दुकानात थकलेली. मग निफाड कोर्टातून वसुलीचा दावा: ४ लाख १२ हजार. बेलीफ आला तेव्हा मी मळ्यात, शेडच्या मागं. "घरी नाहीत म्हणून सांग," असं मंडळींना फोनवर सांगितलं. दुसऱ्या वेळी आला तेव्हा कागद दाराला चिकटवून गेला. मला वाटलं, घेतलाच नाही तर लागू कसा होईल?

वकिलांनी पहिल्यांदा हेच झापलं. समन्स टाळलं तरी कोर्ट ते बजावलं असं धरू शकतं. बजावल्यापासून ३० दिवसांत म्हणणं द्यायचं, कोर्टानं मुदत वाढवली तर ९० पर्यंत. गेलाच नाहीत तर निकाल एकतर्फी.

मी म्हटलं, "साहेब, नादारीच जाहीर करतो. एकदाचं सुटू."

त्यांनी पाणी दिलं आणि शांतपणे समजावलं. दिवाळखोरीचा २०१६ चा नवा कायदा आपल्यासारख्या साध्या माणसाला अजून लागू झालेला नाही. व्यक्तींपैकी फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू आहे. आपल्याला १९२० चा जुना प्रांतिक कायदा. त्यात कोर्टानं नादार ठरवलं की मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात. राहतं घर, औत, बैल, बियाणं वाचतं, जमीन वाचत नाही. ज्याच्याकडं जमीन गहाण आहे त्याचा हक्क तसाच राहतो. ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. आणि सगळ्यात शेवटी म्हणाले, "तुम्ही सुटलात तरी तुमचा जामीनदार सुटत नाही."

तिथं मी गप्प झालो. सोसायटीच्या कर्जाला माझा चुलतभाऊ जामीन आहे. त्याची स्वतःची बाग यंदा तशीच गेली. मी सुटायचं आणि त्याच्या दारात जप्ती पाठवायची?

"मग मला आत टाकतील का?" हेही विचारलं. रात्रीची झोप त्यानंच उडाली होती. ते म्हणाले, देता येत असून बुडवणाऱ्याची गोष्ट वेगळी. जवळ खरंच नाही, एवढ्यावरून दिवाणी कोर्ट तुरुंगात घालत नाही. मात्र दिलेला चेक वटला नाही तर तो फौजदारी मामला, त्याची नोटीस कधी दाबून ठेवायची नाही. माझा चेक नव्हता, नशीब.

मग बिलं काढली. पत्र्याच्या पेटीतून, फवारणीच्या वहीतून. मुद्दल २ लाख ८६ हजार, त्यावर २४ टक्क्यांनी २२ महिन्यांचं व्याज १ लाख २६ हजार. मी फोनवरून पाठवलेले ३० हजार खात्यात जमाच नव्हते. व्याजाचा दर कुठं लिहून दिलेला नव्हता. मी लपूनच राहिलो असतो तर हे कोर्टाला कोण सांगणार होतं?

वकिलांनी जाता जाता एक सांगितलं. न्यायमूर्ती रानडे आपल्या निफाडचे, जन्म १८४२ चा. १८७५ ला पुणे-नगरकडं शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्यानंतर १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्या कायद्याखाली रानड्यांनी विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. त्या काळीही कुणबी तारखेला जायचा नाही आणि हुकूमनामे एकतर्फी व्हायचे.

प्रकरण लोकअदालतीत मिटलं. दुकानदाराला कोर्ट फी परत मिळाली, तोही राजी झाला. २ लाख ७० हजार ठरले. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून जमेल तेवढाच हप्ता कबूल केला. एक एकर बाग काढली, मंडपाचे अँगल आणि तार भंगारात दिली, त्यातून ७० हजार भरले. उरलेले दर तीन महिन्यांनी २० हजार, असे दहा हप्ते.

अँगल टेम्पोत भरताना वडील बांधावर बसून होते. बोलले काहीच नाहीत. तो मंडप त्यांनी उभा केला होता.

त्या एकरात आता कांदा आहे, काल दुसरं पाणी दिलं. पहिला हप्ता मजुरीतून गेला, दुसरा कांद्यावर.

समन्स आलं तर घ्या, मंडळी. तारीख वहीत लिहा, बिलांची पेटी उचला आणि जा. वकिलाला पैसे नसतील तर तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथं विचारा.