वेचणीच्या दिवसांतला तास

११ नोव्हेंबर २०२५, पांढरकवडा

बी.ए.च्या वर्गात आज निम्मे बाक रिकामे. कापसाची वेचणी ऐन भरात आहे, पोरं-पोरी वावरात. हजेरीपटावर लाल शेरे मारून ही मुलं येणार नाहीत. म्हणून यंदा तासच त्यांच्याकडे पाठवायचा, पॉडकास्ट करून. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २००४ मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आयपॉड वाटले होते. आमच्याकडे घरात एक मोबाइल असतो, तेवढा पुरे. ६४ केबीपीएसला मोनो ध्वनिमुद्रण केलं की दहा मिनिटांची फाइल पाच एमबीच्या आत बसते. शिवाय वेचताना डोळे बोंडावर असतात, कान मोकळेच.

१३ नोव्हेंबर

पहाटे गाद्या भिंतीला उभ्या लावून ध्वनिमुद्रण केलं. विषय हमीभाव. फळा नसला की सूत्रं हवेत विरतात, म्हणून एका एकराचाच हिशेब बोललो. बियाणं, खत, फवारणी, डवरणी, बाहेरची मजुरी हा खिशातून गेलेला खर्च म्हणजे ए-टू. घरच्यांच्या राबण्याची किंमत म्हणजे एफ-एल. या दोन्हींत स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज मिळवलं की सी-टू. सरकार दीडपट धरतं ते ए-टू अधिक एफ-एलच्या. शेतकरी संघटना मागतात सी-टूच्या. सगळं भांडण या फरकाचं आहे. यंदा क्विंटलला मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झालेत.

शेवटी प्रश्न ठेवला: तुमच्या घरी कोणाची मजुरी कधीच मोजली जात नाही? उत्तर आवाजातच पाठवा.

१७ नोव्हेंबर

उत्तरं आली! घाटंजीकडच्या एका मुलीने वावरात आईलाच बोलतं केलं. वारा आहे, मध्येच कोणी पाणी मागतंय, आणि आई म्हणते, "बाहेरच्या बायाईले किलोमागं धा रुपये देतो. मले कोन देते?" एफ-एलवर मी पाऊण तास बोललो असतो तरी इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

झरी जामणीच्या एका कोलाम पोडावरच्या मुलाने आजोबांना सगळा हिशेब कोलामीत समजावला. मला त्यातलं 'ए-टू' आणि 'हमीभाव' एवढंच कळलं. आजोबा मध्येमध्ये अडवून विचारत होते, मुलगा थांबून परत सांगत होता. शिकवणं याहून वेगळं काय असतं? पुढचा प्रत्येक भाग त्याने कोलामीतही करावा, असं त्याला कळवलं.

२१ नोव्हेंबर

स्टाफरूममध्ये चर्चा झाली: तास मोबाइलवर मिळाला तर वर्गात कोण येईल? मला ही भीती पटत नाही. आज वर्गात हमीभाव पुन्हा शिकवलाच नाही. त्या माउलीचा आवाज लावला आणि खडू मुलांच्या हातात दिला. किलोला दहा, म्हणजे क्विंटलमागे वेचाईच हजार रुपये. कोणी लिहिलं, कोणी खोडलं. घंटा झाली तरी दोघे फळ्याशीच होते. ऐकायचं ते वावरात ऐकून झालं होतं, म्हणून भांडायला वर्ग मोकळा मिळाला.

२४ नोव्हेंबर

एका मुलाच्या वडिलांचा सवाल आला आहे. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत माफ आहे. त्याने आपला भाव कितीने पडतो? पुढचा भाग यावरच. बुधवारी दोन विद्यार्थी मोबाइल घेऊन बाजार समितीच्या लिलावात उभे राहतील, अडते आणि शेतकरी दोघांनाही विचारतील. त्यांना प्रश्न आज लिहून दिले.