ढाबळ आणि सूत

शुक्रवारी रात्री दिघाशीला पोचलो, तर पुतण्या ओट्यावर कबुतर मांडीत घेऊन बसलेला. "काका, ही लंगडतेय."

टॉर्च मारला. उजव्या पायाची बोटं सुजलेली आणि सुताचा वेढा पार मांसात रुतलेला. भिवंडी म्हणजे यंत्रमाग, सुताला काय तोटा! दाणे टिपताना ते पायात अडकतं, सुटायला धडपडलं की आणखी आवळतं. (पॅरिसमधल्या कबुतरांवर २०१९ साली एक अभ्यास आला होता. जिथे केशकर्तनालयं जास्त, तिथे बोटं गमावलेली कबुतरंही जास्त. तिकडे केस, इकडे सूत.)

वहिनीने तिला पंचात गुंडाळून धरलं. मी कोमट पाण्यात पाय भिजवून नखं कापायच्या कात्रीने एकेक धागा तोडत गेलो. तासभर! चालू सर्व्हरवर काम करतानाही हात इतका थरथरला नव्हता. एक बोट काळं पडून वाळलं होतं, ते ओढलं नाही. सकाळी डॉक्टरही तेच म्हणाले, आपोआप गळेल. खोक्यात वर्तमानपत्र घातलं. कापड नको, त्यातही धागे.

मग वाद. पुतण्या म्हणे, आता कोंडूनच ठेवायची. दादा म्हणाला, मग ढाबळ कशाला, कपाट घे.

तीन आठवड्यांनी, संध्याकाळी, दाणे घालायच्या आधी दार उघडलं. भुकेलं कबुतर लवकर परततं म्हणतात. ती तळ्यावरून दोन घिरट्या मारून पत्र्यावर उतरली, घसरली, सावरली. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुतण्याचं लक्षच नव्हतं. तो खराट्याने अंगणातलं सूत गोळा करत होता.