नाताळबाबाच्या भेटीला

भाताची मळणी उरकली असेल, तर नाताळच्या सुटीत मुलांना घेऊन एक दिवस वसईला जाऊन या. तलासरीकरांनी पहाटेच निघून डहाणू रोड स्टेशन गाठावे. तिथून २०१३ सालापासून विरारची लोकल सुटते. विरारच्या पुढे दुसरे स्टेशन वसई रोड. परतीच्या गाडीची वेळ उतरताच विचारून ठेवा.

मुलांना कानटोप्या घाला, भाकरी-चटणी बांधून घ्या. धाकट्याच्या खिशात नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी ठेवा. गर्दीत ती उपयोगी पडते.

वसईचे ख्रिस्ती बांधव मराठीच बोलतात. त्यांच्यातही केळी, भाजीपाला पिकवणारी घरे आहेत. नाताळात ते येशूजन्माचे गोठे मांडतात. त्यातली गाय, मेंढरे, गवत पाहून आपली मुले लगेच रमतील. प्रार्थना चालू असेल, तर बाहेर थांबा.

लाल अंगरख्यातला नाताळबाबा भेटेलच, खाऊ देईलच असे नाही, हे घरीच सांगा. गाडीत त्याची गोष्ट सांगा. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी निकोलस नावाचे बिशप होते. ते गरिबांच्या घरी गुपचूप मदत पोचवीत, अशी कथा आहे.

पाहुण्याने रिकाम्या हाती जाऊ नये. घोलवडचे चार चिकू बरोबर घ्या आणि नाताळबाबा भेटला, तर ते मुलांच्या हातून द्या.