तोल कुणासाठी?

वळणावर गाडी दोन तऱ्हांनी हट्ट करते. स्टिअरिंग फिरवूनही ती वळणाबाहेर सरळ जाऊ बघते, तो अंडरस्टीअर. मागची बाजू बाहेर फेकून स्वतःभोवती फिरू बघते, तो ओव्हरस्टीअर. पहिल्यात पुढच्या टायरांची पकड आधी सुटते, दुसऱ्यात मागच्या.

आज मी हडपसरला राहून सॉफ्टवेअर लिहितो. पण इंजिनिअरिंगच्या काळातला बराचसा वेळ मी या दोन शब्दांच्या मधली जागा शोधण्यात घालवला. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेसाठी आम्ही छोटी रेसिंग कार बांधत होतो. तिथे स्किडपॅड नावाची परीक्षा असते : इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दोन वर्तुळं, आतला व्यास १५.२५ मीटर, वाट ३ मीटर रुंद.

आमचं मुख्य हत्यार अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी दांडी. वळताना वजन बाहेरच्या चाकांवर जातं. समजा, पुढच्या दोन टायरांवर २००-२०० किलो होतं, ते ३०० आणि १०० झालं. बेरीज तीच, पण दोघांची मिळून पकड कमी होते. कारण ओझं वाढतं त्या प्रमाणात टायरची पकड वाढत नाही. म्हणून पुढची दांडी कडक केली की अंडरस्टीअर वाढतो, मागची कडक केली की ओव्हरस्टीअर.

सरावात एक गोष्ट कळली. मागची बाजू जराशी सैल सुटणारी गाडी आमच्या सर्वांत तयार ड्रायव्हरच्या हाती सर्वांत वेगवान ठरे. बाकीचे त्याच गाडीत बिचकून हळू जात. मग सेटिंगच्या तक्त्यात आम्ही आणखी एक रकाना वाढवला : चालवणार कोण?

आता माझ्याकडे साधी हॅचबॅक आहे. मागे कडक बार टाक, गाडी कशी चपळ होते बघ, असं मित्र सांगतात. खरंच होईल. पण ही गाडी बाबाही चालवतात, दिवे घाटातून सासवडला नेतात. वळणात माणूस घाबरला की त्याचा पाय आधी ॲक्सिलरेटरवरून निघतो. वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात. अंडरस्टीअर असलेली गाडी अशा वेळी बहुधा वळणात परत येते. ओव्हरस्टीअरकडे झुकलेली गरकन फिरू शकते. म्हणूनच कंपन्या रोजच्या गाड्यांत थोडा अंडरस्टीअर मुद्दाम ठेवतात. सरावाच्या मैदानात चुकलं तर प्लास्टिकचा कोन पडतो. घाटात समोर एसटी असते, आषाढीच्या आधी वारकरी असतात.

बार मी घेतला नाही. मागच्या टायरांत हवा कमी झाली तरी हा तोल ढळतो, म्हणून बाबा सासवडला निघायच्या आदल्या दिवशी चारही चाकांची हवा तपासून आणतो. त्यांना वाटतं, मी पेट्रोल भरायला गेलोय.