नशिराबादचा वसंत होळीच्या आतला!

मैत्रिणींनो, पंचांग उघडलंत तर वसंत ऋतू चैत्र-वैशाखात सापडेल. पण नशिराबादच्या एखाद्या गृहिणीला विचारून पाहा, "काय हो ताई, वसंतात बागेचं काय काय करता?" ती हसेलच! कारण चैत्र लागता लागता खानदेशातला पारा चाळिशीला टेकतो आणि वैशाखात ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो. तेव्हा झाडं वाढवायची नसतात, जगवायची असतात. छाटणी, खतमाती, कुंड्या बदलणं, ही सारी कामं संक्रांत ते होळी एवढ्या अवधीतच उरकायची. आपल्याकडचा खरा वसंत तो!

जळगावहून भुसावळकडे निघालं की महामार्गालगत हे गाव लागतं. आगगाडीनं यायचं तर जवळचं स्टेशन भादली. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात काचेच्या बांगड्या करणारं गाव म्हणून त्याची नोंद आहे. बहिणाबाई चौधरींचं माहेर आसोदा इथून जवळच. भोवती केळीच्या बागा, कपाशीची रानं आणि पायाखाली काळीभोर माती. या मातीत शेत पिकतं, म्हणून आपण तीच उचलून कुंडीत भरतो आणि तिथेच घोटाळा होतो.

माती आधी, रोप मग

काळी माती पाणी धरून ठेवते. ओली असली की मुळं कुजतात, वाळली की तिला भेगा पडतात आणि नाजूक मुळ्या तुटतात. शेतात ते खपून जातं, वीतभर कुंडीत नाही. म्हणून एक वाटा काळी माती, एक वाटा बारीक रेती आणि एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत असं मिश्रण करा. त्यात मूठभर निंबोळी पेंड घाला. शेण ताजं नको, त्याच्या उष्णतेनं मुळं पोळतात. कुंडीच्या भोकावर फुटक्या कौलाची खापरी पालथी ठेवायला विसरू नका.

कुंडी बदलायच्या आदल्या दिवशी पाणी द्या, म्हणजे मातीचा गोळा अख्खा निघतो. कडेनं गुंडाळलेल्या मुळ्या कात्रीनं थोड्या कापा. नव्या कुंडीतलं रोप आठवडाभर सावलीत ठेवा आणि नवी पालवी दिसेपर्यंत वरखत देऊ नका. हे काम होळीनंतर करायचं नाही म्हणजे नाही!

मोगऱ्याला ताण, शेवंतीला विसावा

माघात मोगऱ्याचं पाणी आठ-दहा दिवस तोडा. याला बागवान 'ताण देणं' म्हणतात. मग फांद्या गुडघाभर उंचीवर छाटा, माती खुरपून शेणखत घाला आणि पुन्हा पाणी सुरू करा. नव्या फुटीवरच कळ्या धरतात, म्हणून छाटताना हात आखडू नका. जास्वंदीचीही हलकी छाटणी आत्ताच. गुलाबाची मोठी छाटणी मात्र ऑक्टोबरातली, आता फक्त वाळक्या काड्या काढा. शेवंतीचा बहर संपला की झाड चार बोटं ठेवून कापा आणि बुडाशी आलेली पिलं सावलीला हलवा. पुढच्या वर्षीची शेवंती त्यांच्यातच आहे. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा, नाही तर ती बी धरून लवकर म्हातारी होते.

घरातल्या मनीप्लांट, क्रोटनची पानं ओल्या फडक्यानं पुसा. रहदारीच्या रस्त्याजवळचं घर असेल तर पानांवर धुळीचा थर बसतो नि त्यांचा श्वास कोंडतो.

पाण्याचा हिशेब

आता तुम्ही म्हणाल, "इथे प्यायच्या पाण्याची मारामार, झाडांना कुठून द्यायचं?" खरं आहे. नळ रोज येईलच असं नाही आणि बोअरचं पाणी जड, कुंडीवर पांढरी खार धरणारं. डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी खुशाल घाला. पण कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी नको. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्याचंही तेच.

खानदेशातल्या केळीबागांत आता ठिबक सर्रास दिसतं. तीच युक्ती मडक्यात आहे. एक लहान, न भाजलेलं नव्हे हं, साधं भाजलेलं पण रोगण नसलेलं मडकं मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर झाकणी ठेवा. पाणी झिरपत मुळांशी जातं, उन्हात उडत नाही. मातीवर केळीचं वाळलेलं सोपट किंवा गव्हाचं भुसकट पसरा. होळीच्या सुमाराला अंगणात पाचोळा पडतो, तोही पेटवू नका, कुंड्यांवर अंथरा. पश्चिमेच्या बाजूनं जुनं सुती लुगडं बांधलं की झळा अडतात. पाणी सकाळी लवकर नाही तर दिवस बुडाल्यावर.

तरीही सगळीच झाडं जगवता येतील असं नाही. पाणी कमी पडलं तर काय राखायचं, हे आत्ताच ठरवा. हंगामी फुलझाडं पुन्हा लावता येतात, दहा वर्षांचा मोगरा नाही.

आणि या खटाटोपाला एक मुदतही आहे, आखाजीची! अक्षय्य तृतीयेला खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. बहिणाबाईंनीही आखाजीवर गाणं रचलं आहे. आलेली लेक पदर खोचून आधी परसदारी जाते. लग्नाआधी तिनं लावलेलं रोप आहे का, ते पाहते. आपणही असंच एखादं झाड माहेरी ठेवून आलोय ना? वैशाखाच्या त्या उन्हात तिच्या केसांत घरचा मोगरा माळायचा असेल, तर खुरपं माघातच हातात घ्यायला हवं.